प्रकाशाचा कंगवा आणि मुठेकाठची मुकी तालीम

मी पुण्याला गेले ती एका मुलीचं मन वळवायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पवनीत परतल्यावर ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी "फिरायला गेले होते" असंच सांगितलं, आणि ते खरं नव्हतं.

पवनी आमचं गाव, भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पौर्णिमा रामटेके माझी विद्यार्थिनी. सातवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेतला एकुलता एक लोलक तिनं न विचारता घरी नेला, दुसऱ्या दिवशी स्वतःच आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात सकाळी साडेसातलाच ऊन येते, इथं येत नाही." मी तिला रागावले नाही. आता ती पुण्यात एका संशोधन संस्थेत लेझरवर काम करते. दर वर्षी करार संपतो आणि दर वर्षी आणखी एका वर्षाचा होतो. खराडीत तिच्या भावाच्या कंपनीत कायमची नोकरी मिळत होती, आणि होय की नाही ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

तिचे वडील वामनराव, निवृत्त पोस्टमन. एका सकाळी ते माझ्या अंगणात आले आणि चहाचा कप हातात तसाच धरून बसले. "मॅडम, तुम्ही एकडाव पुण्याले जाऊन या," ते म्हणाले. "पोरगी माहं ऐकत नाही, तुमचं ऐकते. सहा वर्षं झाली. मी गेल्यावर तिले कोण पाहीन?"

मी शब्द दिला. मीही बावीस वर्षांची असताना पुढे शिकायला पुण्याला निघाले होते. पेटी भरून तयार होती. तेवढ्यात वडिलांनी शाळेच्या नोकरीची ऑर्डर आणून हातात ठेवली. त्या नोकरीनं घर उभं राहिलं, दोन भावांची शिक्षणं झाली. तेव्हा वामनरावांचं म्हणणं मला मनापासून पटत होतं, हेही सांगितलं पाहिजे.

सोमवार, खराडी

पौर्णिमाचा भाऊ आनंद स्टेशनवर न्यायला आला होता. त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. गॅलरीतून बघितलं तर समोर काचेच्या इमारती, आणि त्या काचांमध्ये ढग चाललेले. खरे ढग वर आणि काचेतले ढग समोर, दोन्ही एकाच संथ चालीनं. प्रवासाचा शीण होता, त्यामुळे असेल, पण मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले. कुठले ढग खरे ते मधूनच विसरायला व्हायचं.

घरून चिन्नोर तांदूळ नेला होता. आनंदनं कुकर लावला आणि वास घरभर पसरला, तसा तो बोलता बोलता थांबला. "मॅडम, बंद डोळ्यांनी सांगतो, हे आपलं शेत," तो म्हणाला. मग वाढताना हळूच विषय काढला. "ती खूप टॅलेंटेड आहे, मला माहितीये. पण इथं सिक्युरिटी आहे. बाबांची झोप उडालीये. तुम्ही फक्त तिला कन्व्हिन्स करा."

संध्याकाळी पौर्णिमा आली. आधीपेक्षा बारीक झालेली, केस कापलेले. वाकून नमस्कार केला आणि पहिलं वाक्य हे: "मॅडम, तुम्हाला उद्या कंगवा दाखवते."

मला वाटलं, केस कापल्यावरून काही गंमत करते आहे.

मंगळवार, नदीकाठची प्रयोगशाळा

सकाळच्या पोह्यांबद्दल एवढंच सांगते की पुण्यात पोह्यांवर तर्री मागितली की लोक आपल्याकडे सहानुभूतीनं पाहतात. पोहे गोडसर होते. चहा मात्र असा की दुसऱ्या कपाला नाही म्हणता आलं नाही.

पौर्णिमाची संस्था मुठेच्या काठाला आहे. झाडांच्या दाटीत एक बैठी इमारत, तिच्यात आतल्या आत आणखी एक खोली. पायांत कापडी मोजे, डोक्यावर टोपी घालून आत गेलो. दार लागलं तसा बाहेरचा सगळा आवाज कापल्यासारखा बंद झाला. अंधारात हवेवर तरंगणारं एक जड टेबल होतं, आणि त्यावर केसाएवढ्या काचेच्या तंतूंची वेटोळी.

"इकडे बघा," ती म्हणाली.

एका तंतूच्या तोंडाशी लाल उजेड शिरत होता. पुढे तो तंतू नारिंगी झाला, मग पिवळा, मग हिरवा, आणि टोकाला जाईपर्यंत निळसर पांढरा. वीतभर लांबीचा काचेचा दोरा, त्यात सगळे रंग रांगेनं निजलेले. शाळेत एकतीस वर्षं इंद्रधनुष्य शिकवलं, पण असं हातभर अंतरावर, अंधारात, श्वासाच्या आवाजात कधी पाहिलं नव्हतं.  

मग बाहेरच्या खोलीत, संगणकासमोर बसवून तिनं समजावून सांगितलं. मी शिकवायचे तसंच, बोटांनी हवेत रेघा काढत.

ताऱ्याचा प्रकाश पसरवला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. त्या ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरत असेल तर तो ताऱ्याला किंचित ओढतो. तारा डुलतो, आणि त्या काळ्या रेघा कधी निळ्याकडे, कधी तांबड्याकडे सरकतात. पृथ्वीसारखा छोटा ग्रह असेल तर तारा जेमतेम मुंगळ्याच्या चालीनं डुलतो. एवढंसं सरकणं मोजायचं तर शेजारी पट्टी ठेवावी लागते, आणि ती पट्टी स्वतः जराही सरकून चालत नाही. आजवर सगळे खास दिव्यांच्या उजेडाची पट्टी वापरत आले. पण दिव्याच्या खुणा वेड्यावाकड्या अंतरावर असतात, आणि दिवा म्हातारा झाला की त्याही हलतात.

"आमच्या लेझरमधून एकाच वेळी हजारो बारीक रंग निघतात," पौर्णिमा म्हणाली. "प्रत्येक रंग शेजारच्यापासून तंतोतंत सारख्या अंतरावर. कंगव्याचे दात असतात ना, तसे. आणि हा कंगवा अणुघड्याळाला बांधलेला. घड्याळ चुकत नाही तोवर दात हलत नाहीत."

पडद्यावर हिरवट ठिपक्यांची ओळ होती. एकसारखी, अखंड, डावीकडून उजवीकडे. नजर फिरवत गेले तर कुठंही अडखळली नाही.

हा कंगवा हिमालयातल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी होता. बर्फ पडायच्या आत तो वर पोचायला हवा. त्याआधी शनिवारी अकरा वाजता परीक्षक येणार, आणि त्यांना चोवीस तासांची अखंड नोंद हवी होती. चोवीस तासांत एकदाही घड्याळाशी असलेली गाठ सुटली नाही, हे दाखवायचं.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दोन मिनिटं कमी होती. "ऐका," ती म्हणाली.

सहा वाजले आणि पायाखालून, भिंतीतून, कपाटाच्या काचेतून एक घुमणारा आवाज यायला लागला. ढोल. गणपती बारा दिवसांवर आले होते आणि नदीकाठी पथकाची तालीम सुरू झाली होती. पडद्यावरची ठिपक्यांची ओळ क्षणभर शहारली आणि विस्कटली. कोपऱ्यात लाल अक्षरं आली.

"लॉक सुटला, म्हणजे घड्याळाशी असलेली गाठ," पौर्णिमा म्हणाली. "टेबल तरंगतं, पण आवाज हवेतून येतो. तंतू थरथरतो. रोज सहा ते साडेआठ. गेले वीस दिवस."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त काळजी वाटली.

बुधवार, बुधवार पेठ

पथकाच्या लोकांनी सांगितलं होतं की प्रमुख दिवसा आपल्या दुकानात भेटतात. शिरीष दाते हे नाव, साठीच्या आसपासचे गृहस्थ, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान. गल्लीत दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, छोटे दिवे, स्पीकर टांगलेले. कोणीतरी दिवे तपासायला लावून ठेवले होते, ते भरदिवसा आपल्याच तंद्रीत लुकलुकत होते. दगडूशेठच्या बाजूनं फुलांचा वास येत होता, त्यात वायरी जोडायच्या डाखाच्या धुराचा वास मिसळला होता. मला वाटलं, अशा गल्लीत आपण लहानपणी आलो असतो तर बाहेर पडलोच नसतो.

दाते काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. पौर्णिमानं विनंती केली. उद्या गुरुवार, एकच संध्याकाळ ढोल वाजवू नका.

"आपला लेझर ढोलाला घाबरतो?" त्यांनी विचारलं.

"घाबरत नाही. हलतो," पौर्णिमा म्हणाली.

"इथं अख्खं पुणं हलतं, अहो. कोणी तक्रार करत नाही." मग माझ्याकडे वळून, "आपण?"

"मी हिची शिक्षिका. पवनीहून आले. भंडारा जिल्हा."

"म्हणजे बरंच लांबून आलात, ढोल बंद करायला."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून धीरही आला. मी म्हटलं, "बंद करायला नाही आले. तुम्ही चार वाजता येऊन एकदा बघून जा. पटलं नाही तर वाजवा."

"मी बघायला आलो तर दुकान कोण बघेल?" असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात एक स्विच दिला, आणि आमचं बोलणं संपलं असं समजून आम्ही बाहेर पडलो.

बरोबर चार वाजता ते आले. एक ढोल कमरेला बांधून. बाहेरच्या पडद्यासमोर खुर्ची मागून घेतली, ठिपक्यांची ओळ बराच वेळ बघितली, आणि मला म्हणाले, "मॅडम, आपण इथं बसून बघा. मी नेहमीच्या जागी जाऊन एकच थाप मारतो."

दोन मिनिटांनी लांबून एकच थाप आली. ओळ विस्कटली.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "सुटला?"

"सुटला," पौर्णिमा म्हणाली.

"म्हणजे आमची थाप अणुघड्याळापर्यंत पोचते तर." ते स्वतःशीच जरा हसले. मग ढोलाची दोरी सैल करत म्हणाले, "उद्या ढोल वाजणार नाहीत. आपली विनंती म्हणून नाही. आमच्या लोकांना मोजून थांबता येत नाही, ते एकदा शिकवायचंच होतं."

गुरुवार, गच्चीवर आणि नदीकाठी

श्रावणातला दिवस. सकाळपासून ऊन आणि सर आळीपाळीनं. संस्थेच्या गच्चीवर पेरूएवढं भिंग बसवलेली एक नळी होती. ती सूर्याकडे वळवायची आणि तंतूतून सूर्याचा प्रकाश खालच्या यंत्रात सोडायचा. सूर्य म्हणजे शेवटी आपला घरचा ताराच. परीक्षकांना कंगव्याशेजारी सूर्याच्या रेघाही दाखवायच्या होत्या.

बरोबर अकराला नोंद सुरू झाली. ढग बाजूला व्हायची वाट पाहत आम्ही दोघी गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो. आता बोललंच पाहिजे, असं मला वाटलं.

"पौर्णिमा, मी तुला समजवायला आले आहे."

"माहीत आहे, मॅडम. दादानं सोमवारीच सांगितलं."

मग मी वामनरावांचा निरोप पूर्ण सांगितला. काही गाळलं नाही. ती नदीकडे बघत ऐकत होती.

"बाबांचं चुकत नाही," ती म्हणाली. "होकाराचं पत्र मी लिहून ठेवलंय. फक्त पाठवायचंय. मी दमले आहे, मॅडम. म्हणून ठरवलं, उद्या अकरापर्यंत कंगवा टिकला तर राहायचं. सुटला तर पत्र पाठवायचं."

"असं यंत्रावर सोडतात का?"

"मग कशावर सोडू?"

 तेवढ्यात ऊन पडलं आणि ती नळीकडे धावली.

दुपारभर आम्ही पडद्यासमोर बसून होतो. वर सूर्याच्या काळ्या रेघा, खाली कंगव्याचे ठिपके. तीनच्या सुमाराला तिनं सकाळची नोंद आणि आताची नोंद एकाखाली एक लावून दाखवली. कंगव्याचे ठिपके एकावर एक बसत होते. सूर्याच्या रेघा मात्र किंचित तांबड्याकडे सरकल्या होत्या.

"सूर्य हलला?" मी विचारलं.

"नाही, मॅडम. आपण." ती कुजबुजल्यासारखं बोलली. "पृथ्वी फिरते ना. सकाळी पुणं सूर्याकडे जात असतं. दुपारनंतर सूर्यापासून लांब जायला लागतं. आता आपण त्याच्यापासून लांब चाललो आहोत."

हे मी कितीतरी वर्गांना शिकवलं आहे. नकाशा, चेंडू, मेणबत्ती. पण त्या दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली असताना, मला पहिल्यांदा ते जाणवलं. ही खोली चालली आहे. बाहेरची झाडं, मुठा नदी, बुधवार पेठेतले लुकलुकते दिवे, खराडीतल्या काचा आणि त्यांच्यातले ढग, सगळं मिळून अलगद सूर्यापासून दूर निघालं आहे, एकही पान न हलता. आयुष्यात मी फार प्रवास केला नाही. पण त्या अर्ध्या तासात जेवढा झाला तेवढा पुरेसा होता. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

साडेपाचला पौर्णिमा आत थांबली आणि मी नदीकाठी गेले.

ढोल पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते. ऐंशीएक लोक रांगांमध्ये उभे. कॉलेजातल्या मुली, बँकेतले, रिक्षावाले, एक दोन पांढऱ्या केसांच्या बायका. दाते पुढे आले. त्यांनी हात वर केला, खाली आणला, आणि ऐंशी हात एकदम हवेत चालायला लागले. ढोल वाजवायचं टिपरू हवेत थांबायचं, कातड्याला लागल्यासारखं मागे यायचं. ताशेवाले एका तळहातावर दुसऱ्या हाताची दोन बोटं आपटत होते. झांजा एकमेकींजवळ येऊन थांबत होत्या. आवाज फक्त पायांचा, ओल्या गवतावरचा, आणि ध्वज घेऊन फिरणाऱ्या मुलींच्या कापडाचा.

सुरुवातीला काही जण हसले. मग हसू ओसरलं. ताल दिसायला लागला. ऐकू न येणारा ताल रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाऱ्यासारखा जात होता. पुलावर लोक गाड्या थांबवून बघत होते. संध्याकाळचा उजेड नदीवर पसरला होता, पाणी फुगलेलं आणि गढूळ, पलीकडे बगळे.  मला वाटत होतं, आपण झोपेत आहोत आणि मोठा आवाज झाला तर हे सगळं नाहीसं होईल.

तिथंच, शेडच्या खांबाला टेकून, मी वामनरावांना फोन लावला. का लावला ते नीट सांगता येणार नाही. कंगवा टिकतो की सुटतो, हे ठरायच्या आधी लावायला हवा, एवढंच कळत होतं.

"वामनराव, तुमचा निरोप तिला सांगितला. शब्द न शब्द सांगितला. पण तिनं ते काम सोडावं असं मी तिला सांगणार नाही. परत गेल्यावर तिला हेच सांगते."

 

"मी तुमच्या भरवशावर होतो, मॅडम," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

समोर ऐंशी हात एकाच वेळी थांबले. दात्यांनी बोटांनी चार मोजले. कोणाचाही हात आधी हलला नाही.

शुक्रवार

सकाळी सात वाजता मी संस्थेत पोचले. पौर्णिमा दारातच उभी होती, आणि तिच्याकडे पाहूनच मला कळलं.

पहाटे कधीतरी वीज लुकलुकली होती. वातानुकूलन बंद पडलं, पुन्हा लागलंच नाही, खोली हळूहळू तापली, आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी लॉक सुटला. एकोणीस तास चाळीस मिनिटं. ढोलांनी नाही, कोणीच नाही, उगाच.

संगणकाच्या शेजारी तिचा लॅपटॉप उघडा होता. होकाराचं पत्र पडद्यावर दिसत होतं. आदल्या संध्याकाळी मी तिला सांगायचं ते सांगितलं होतं, वडिलांना काय बोलले तेही. ऐकून ती यंत्राकडे परत गेली होती. मी तिच्या पाठीमागे स्टूल ओढून बसले.

ती आत गेली. वातानुकूलन दुरुस्त करणारा माणूस आला, गेला. पडद्यावर ओळ दिसली, हलली, पुन्हा नाहीशी झाली, पुन्हा आली. मग ती स्थिर झाली. पौर्णिमा बाहेर आली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाली, "नऊ वाजून वीस मिनिटं. मॅडम, लिहून ठेवा."

"आणि पत्र?"

तिनं लॅपटॉप मिटला. "कंगवा सुटला तेव्हा पहिला विचार आला की आज दहापर्यंत पुन्हा लावला तरी उद्या दहाला चोवीस तास होतील, परीक्षक अकराला येणार, म्हणजे वेळ आहे. पत्राची आठवण नंतर आली." ती जराशी लाजली. "तेवढ्यावरून कळलं."

पण म्हणजे आजची संध्याकाळही मुकी हवी. पौर्णिमाला यंत्र सोडून जाता येत नव्हतं. मी एकटी रिक्षा करून बुधवार पेठेत गेले. दाते नुकतं शटर वर करत होते.

"आज पुन्हा?" मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले.

"आज पुन्हा."

"काल आमच्या तिसऱ्या रांगेची एक चूक सापडली. ढोलांच्या आवाजात तीन वर्षं लपून बसली होती. आज ती काढायची म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. आपण उगाच रिक्षाचा त्रास घेतलात." मग त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चहा घेणार का? की त्यानंही काही हलतं?"

चहा घेतला. संध्याकाळी गाडीत बसले. खिडकीबाहेर अंधारून येईपर्यंत मी घड्याळ बघत होते. सहा वाजले, साडेसहा वाजले, आणि माझ्या मनात ते हात हवेत चालत होते. सकाळी गाडी वर्ध्याच्या जवळ आली तेव्हा मोबाईलवर पौर्णिमाचा निरोप आला. चोवीस तास सात मिनिटं. खाली दुसरी ओळ: सात मिनिटं वर ठेवली, खात्री होईना म्हणून लगेच बंद नाही केलं.

दुपारनंतर कळलं की परीक्षकांनी होकार दिला.

पवनी

प्रवासाचं वर्णन इथं संपायला हवं. पण मी ज्या कामासाठी गेले होते त्याचं काय झालं हे न सांगणं बरं दिसणार नाही.

वामनराव महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. विहारात दिसले तर नजर दुसरीकडे न्यायचे. आनंदनं मात्र फोन केला. तो रागावला नव्हता, थकलेला वाटला. "मॅडम, तुम्ही तिच्या बाजूनं झालात," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, हो. पौर्णिमा दर रविवारी वडिलांना फोन करत होती असं तिच्या आईकडून कळायचं. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. कंगव्याची पेटी वेळेत निघाली. पौर्णिमा तिच्याबरोबर डोंगरावर गेली.

रात्री पुष्कळदा मला वाटायचं की मी एका बापाचा भरवसा मोडला. तो मोडला, यात शंका नव्हती. चूक केली का, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा एका सकाळी फाटक वाजलं. वामनराव उभे होते. दर दसऱ्याला न चुकता नागपूरला जाणारा माणूस, मला वाटलं त्याच कामानं आले असतील.

"यंदा नागपूर नाही," ते बसता बसता म्हणाले. "पोरीकडं डोंगरावर जातो. तिनं तिकीट पाठवलं. तिथं थंडी किती राहते?"

"पाणी गोठतं," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून लोकरीची कानटोपी काढली. कोरी, बाजूला कागदी लेबल लोंबत होतं. "मंग हे पुरन का?"

आश्विनातलं ऊन अंगणात रणरणत होतं. त्यांनी टोपी घातली, कान नीट झाकले, हनुवटीखाली बटण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर लगेच घाम आला.

"आता सांगा," ते मोठ्यानं म्हणाले, "ते तुम्ही सूर्याचं काय पाहिलं होतं तिच्या इथं? ती सांगते, पण फोनवर मले नीट कळत नाही."

मी सांगायला लागले. दोन वाक्यांत लक्षात आलं की त्यांना काही ऐकू येत नाही.

"टोपी काढा आधी," मी खुणेनं म्हणाले.

"राहू द्या," वामनराव म्हणाले. "सवय करतो. तुम्ही जोरानं सांगा."